कार्टून, मूल आणि आपले हसणे

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत पालकसभा होती. पहिली-दुसरीची पालकसभा म्हणजे बहुतेक अम्मींचीच सभा; अब्बू लोक दोन-चार. प्रगतिपुस्तके वाटून झाली तेव्हा मागच्या बाकावरून एक भगिनी उठल्या. बुरख्याचे टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? माझा मुलगा कार्टून बघून मारकुटा झालाय का? घरात लहान बहिणीला लाथा मारतो. सासूबाई म्हणतात, सगळा दोष माझ्या मोबाईलचा."

आम्ही काही बोलण्याआधीच पुढे बसलेले एक पालक हसत म्हणाले, "बाजी, कशाला घाबरता? आम्हीपण टॉम अँड जेरी बघूनच मोठे झालो. आम्ही काय गुंड झालो?"

सगळे हसले. इतक्यात घंटा झाली आणि प्रश्न तिथेच राहिला. त्या भगिनी मात्र हसल्या नव्हत्या. मुलाचा हात धरून जाताना त्यांनी एकदा वळून आमच्याकडे पाहिले. त्या दिवशी आम्ही त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते राहिलेले उत्तर आज इथे देण्याचा प्रयत्न करत आहोत, कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

वर्गात जे पाहिले

आम्ही लहान मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मधल्या सुट्टीत डबे खाऊन मुले व्हरांड्यात खेळत होती. पहिलीतला एक मुलगा कठड्यावर चढला, मोठ्याने ओरडला आणि खाली बसलेल्या आपल्याच मित्राच्या पाठीवर त्याने उडी मारली. खालच्या मुलाचे तोंड फरशीवर आपटले. ओठ फाटला, रक्त आले. आम्ही धावत गेलो.

उडी मारणारा मुलगा खोडकर नव्हता, भांडणही झाले नव्हते. तो थरथरत उभा होता. आम्ही रागावलो तेव्हा त्याने आम्हालाच विचारले, "मॅडम, पण रक्त का आलं? तो उठला का नाही लगेच?"

हे वाक्य आम्ही विसरू शकलो नाही. त्या मुलाने कार्टूनमध्ये शेकडो वेळा पाहिले होते की वरून उडी मारली की खालचा चपटा होतो, डोक्याभोवती तारे फिरतात आणि पुढच्या क्षणी तो धडधाकट पळू लागतो. मारले की लागते, लागले की दुखते आणि दुखणे बरे व्हायला दिवस लागतात, ही साखळी त्या चित्रांत कुठेच नव्हती. सहा वर्षांच्या मुलाला ती कोणीतरी सांगावी लागते. आपल्याला ती इतकी उघड वाटते की सांगायचे राहूनच जाते.

संशोधकांनी काय पाहिले

बी.एड.च्या वर्षी मानसशास्त्राच्या पेपरात अल्बर्ट बांडुरा हे नाव आम्ही पाठ केले होते. परीक्षेपुरते. पुढे स्वतःच्या वर्गात रक्त पाहिल्यावर ते प्रकरण पुन्हा उघडून वाचले.

बांडुरा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. 1961 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या बालवाडीतील 72 मुलांवर एक प्रयोग केला. हवा भरलेली एक मोठी बाहुली होती, ढकलली की पुन्हा उभी राहणारी. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने त्या बाहुलीला लाकडी हातोडीने मारले, लाथा घातल्या, वर फेकले. नंतर मुलांना त्याच बाहुलीजवळ सोडले तेव्हा अनेकांनी हुबेहूब तसेच केले. तोंडचे शब्दही तेच.

1963 चा प्रयोग आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचा आहे. या वेळी 96 मुलांचे चार गट केले. एका गटाने मारझोड प्रत्यक्ष पाहिली, दुसऱ्याने फिल्मवर पाहिली, तिसऱ्याने मांजरीच्या वेषातील पात्राची कार्टूनसारखी फिल्म पाहिली आणि चौथ्याला काहीच दाखवले नाही. मारझोड पाहिलेल्या मुलांनी, मग ती कोणत्याही रूपात पाहिलेली असो, न पाहिलेल्या मुलांपेक्षा बरीच जास्त आक्रमकता दाखवली. कार्टून पाहणारी मुले प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपेक्षा मागे नव्हती. "ते तर खोटे असते, मुलांना कळते" असे आपण म्हणतो. त्या मुलांच्या हातापायांनी तसे सांगितले नाही.

पण इथेच थांबलो तर आम्ही तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल. ती बाहुली मारण्यासाठीच बनवलेली होती. तिला मारणे आणि बहिणीला मारणे एक नाही. शिवाय मुलांना पाहिले ते थोड्याच वेळाने. कार्टून पाहणारे मूल मोठेपणी गुंड होते, असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. सभेतल्या त्या भाईंचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. सिद्ध होते ते इतकेच की लहान मूल जे पाहते ते उचलते, आणि फार लवकर उचलते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग

यापुढचा प्रयोग 1965 चा आहे, आणि तोच प्रत्येक अम्मी-अब्बूंनी ऐकावा असे आम्हाला वाटते. बांडुरांनी मुलांना मारझोडीची फिल्म दाखवली, पण शेवट तीन प्रकारचे ठेवले. एकात मारणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ मिळाला, दुसऱ्यात त्याला रागावून शिक्षा झाली, तिसऱ्यात काहीच झाले नाही. ज्यांनी शिक्षा पाहिली त्या मुलांनी नक्कल कमी केली.

मग संशोधकांनी मुलांना सांगितले, "फिल्ममध्ये जे जे पाहिले ते करून दाखवा, प्रत्येक गोष्टीला फळांचा रस आणि चित्रांचे स्टिकर मिळतील." आणि तिन्ही गटांतील मुलांनी जवळजवळ सारखेच करून दाखवले! म्हणजे शिकले सगळेच होते. शिक्षा पाहिलेल्या मुलांनीही सारे मनात साठवून ठेवले होते. बाहेर काढायचे की नाही, हे ठरले ते समोरून काय मिळणार यावर.

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या मते तुमच्या-आमच्या घरातली खरी गोष्ट हीच आहे. कार्टून मुलाच्या मनात माल भरते. त्यातला कोणता माल बाहेर येऊन सवय बनेल, हे घरातले आपण ठरवतो. आपल्या नकळत ठरवतो.

आमच्याच घरातली गोष्ट

हे आम्ही पुस्तकातून नाही, घरातून शिकलो. आमचा धाकटा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी त्याला कार्टून लावून देण्याची सवय आम्हीच लावली होती. रमजानमध्ये तर असर ते इफ्तार हा वेळ मोबाईलनेच सांभाळला. त्यात एक आगाऊ मुलगा होता. मोठ्यांना उलट बोलणारा, त्यांच्या वयावर आणि शरीरावर चेष्टा करणारा.

एके दिवशी धाकट्याने हुबेहूब त्या आवाजात दादीला म्हटले, "दादी, आप तो गोलगप्पा हो गई हो!" सगळे घर पोट धरून हसले. दादीही हसल्या. त्याच्या अब्बूंनी त्याला पुन्हा बोलायला लावून मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि खालाजानला पाठवला. खालाजानने दहा हसरे चेहरे परत पाठवले.

बांडुरांचा फळांचा रस तो हाच. आम्ही तो पेलाभर पाजला.

महिन्याभराने घरी पाहुणे आले होते. धाकटा कार्टून बघत होता आणि दादी चहाचे कप उचलायला टीव्हीसमोरून गेल्या. तो म्हणाला, "ए बुढ्ढी, हट ना!" आवाज तोच, ऐट तीच. या वेळी कोणी हसले नाही. पाहुण्यांनी नजर खाली घातली. दादी काही न बोलता कप घेऊन आत गेल्या आणि मग्रिबपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

त्याच्या अब्बूंचा हात उठला. मूल भेदरून आमच्याकडे बघत राहिले. त्याच्या डोळ्यांत जे होते ते आम्हाला नीट वाचता आले: गेल्या महिन्यात हेच बोललो तर सगळे हसले होते, आज काय चुकले?

चुकले होते आमचे. शब्द कार्टूनने दिले, हे खरे. पण त्या शब्दांना बक्षीस आम्ही दिले. मूल ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे असे आपण एकमेकांना सांगतो. त्या अमानतीची पहिली चोरी आमच्या हसण्याने झाली होती.

प्रत्येक कार्टून मुलांसाठी नसते

चित्रे हलतात म्हणजे ते मुलांसाठीच, असा आपला समज आहे. शिनचॅनचेच उदाहरण घ्या. ही पाच वर्षांच्या मुलाची कथा जपानमध्ये 1990 मध्ये सुरू झाली ती मोठ्यांच्या चित्रकथा-मासिकात. त्यातली थट्टा मोठ्यांनी हसावे म्हणून होती. भारतात 2008 मध्ये तिचे प्रसारण थांबवण्यात आले आणि पुढे काटछाट करून ती परत आली. तेव्हा मूल काय बघते आहे, याचे निदान दोन भाग आपण स्वतः बसून बघितले पाहिजेत. भाजी घेताना आपण पेंडी उलटून बघतोच ना?

भाषेचेही तसेच. बांगलादेशात मुले हिंदीत डब केलेले डोरेमॉन बघून घरात हिंदी बोलू लागली, तेव्हा 2013 मध्ये तिथल्या सरकारने त्याचे प्रसारण बंद केले. आमच्या वर्गातही हे रोज ऐकू येते. घरी उर्दू किंवा मराठी बोलणारी मुले "मुझे क्षमा करो", "अब तुम्हारा अंत निश्चित है" असे बोलतात. आम्हाला यात फार भीती वाटत नाही. नवे शब्द येणे वाईट नाही. पण जे मूल शब्द इतक्या सहज उचलते, ते शब्दामागचा सूर, तुच्छता आणि उद्धटपणाही तितक्याच सहज उचलते, हे यातून कळते.

चांगलेही उचलते

हाच नियम उलट बाजूनेही चालतो. 1990 च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातील मुलांसाठी 'मीना' नावाची कार्टूनमालिका तयार केली. तिच्या निर्मितीत आपले ज्येष्ठ चित्रपटकार राम मोहन यांचा मोठा वाटा होता. मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू नावाचा पोपट. एका भागात मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून ती पोपटाला शाळेच्या खिडकीशी पाठवते आणि त्याच्याकडून आकडे शिकते. पुढे ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर पकडला जातो. दुसऱ्या एका भागात राजूला आंब्याचा मोठा वाटा मिळतो. मग भाऊ-बहीण एक दिवस एकमेकांची कामे बदलून करतात आणि राजूला कळते की बहीण किती राबते.

आंब्याची ती गोष्ट आम्ही वर्गात सांगितली होती. दुसऱ्या दिवशी एका मुलीने येऊन सांगितले, "मॅडम, काल भाईने माझी ताटली धुतली." एकच दिवस धुतली असेल. पण धुतली.

टॉम अँड जेरीचा मुद्दा

आता त्या भाईंकडे वळू. आम्हीही चाळिशीतले. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचे तेव्हा गल्ली ओस पडायची. पण ते आठवड्यातून एकदा होते. अर्धा तास झाला की संपायचे. मग आपण बाहेर जाऊन उरलेला दिवस खेळायचो, पडायचो, रडायचो. मारले की लागते हे आपल्याला गल्लीने शिकवले. शिवाय टीव्ही घरात एकच, तोही बैठकीत; अम्मी, अब्बू, नाना कोणीतरी मागे असायचेच.

आज एक भाग संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो. पडदा हातात, मूल चादरीखाली, मागे कोणी नाही. चित्रांचा वेगही वाढला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये चार वर्षांच्या 60 मुलांचे तीन गट केले. एकाला नऊ मिनिटे अतिवेगवान कार्टून दाखवले, एकाला संथ शैक्षणिक कार्टून, आणि एकाला चित्रे काढायला बसवले. वेगवान कार्टूनमध्ये दृश्य सरासरी दर 11 सेकंदांनी बदलत होते, संथ कार्टूनमध्ये 34 सेकंदांनी. त्यानंतर लगेच मुलांना लक्ष देण्याची, सूचना पाळण्याची, खाऊ समोर असताना थांबण्याची कामे दिली. वेगवान कार्टून पाहिलेली मुले मागे पडली. हा परिणाम किती काळ टिकतो हे त्यात तपासलेले नव्हते. पण कार्टून बंद करून लगेच "चल, गृहपाठाला बस" म्हटल्यावर मूल चिडते का, याचे एक कारण इथे मिळते. मधे अर्धा तास खेळू द्या, पाणी प्यायला द्या, मग वही उघडा.

मग करायचे काय

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांखालील बाळाला पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितके चांगले. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही याच धर्तीचा आहे. याला जोडून आमच्या अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, आठवड्यातून दोन-तीनदा तरी मुलाबरोबर बसून बघा. मधेच विचारा, "त्याला लागलं असेल का रे? तुला असं कोणी म्हटलं तर कसं वाटेल?" भाषण नको, एक प्रश्न पुरे.

दुसरी, उद्धट बोल पहिल्यांदा निघाला तेव्हाच हसू आवरा. मारू नका, ओरडू नका, व्हिडिओ तर मुळीच काढू नका. शांतपणे म्हणा, "आपल्या घरात दादींशी असं बोलत नाहीत," आणि अदबीने कसे बोलायचे ते वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या. त्याने ते म्हटले की मात्र मनापासून शाबासकी द्या. फळांचा रस इथे पाजा.

तिसरी, जेवताना आणि झोपताना पडदा नको. मोबाईल दाखवून भरवलेल्या घासाची चव मुलाला कळत नाही.

चौथी गोष्ट अब्बू लोकांसाठी. दिवसभर घरकाम, शिवणकाम, सासू-सासऱ्यांची दुखणी सांभाळणारी बाई पोळ्या लाटताना मुलाच्या हातात मोबाईल देते, तेव्हा तिला दोष देणे सोपे आहे. पण त्या अर्ध्या तासात मुलाला घेऊन मशिदीपर्यंत, दुकानापर्यंत चालत जाणे हे तुमचे काम आहे. मूल दोघांचे आहे.

आणि पाचवी, घरातल्या मोठ्यांना या कामात घ्या. आमच्या घरात तेच झाले. त्या प्रसंगानंतर आम्ही धाकट्याला घेऊन दादींकडे गेलो आणि त्याच्यासमोर आधी आम्ही माफी मागितली, कारण हसलो आम्ही होतो. मग त्याने मागितली. दादींनी त्याला जवळ ओढले आणि म्हणाल्या, "उद्यापासून मी पण बघणार तुझं ते कार्टून. बघू दे मला, कोण शिकवतो तुला."

तेव्हापासून संध्याकाळचा अर्धा तास दोघे शेजारी बसतात. दादींना निम्मी पात्रे ओळखू येत नाहीत. पण कोणी कोणाला ढकलले की त्या तोंडातल्या तोंडात म्हणतात, "हाय अल्लाह, किती लागलं असेल बिचाऱ्याला!" धाकटा आता आठ वर्षांचा आहे. परवा आम्ही दाराआड उभे होतो. दादी नमाजला उठल्या होत्या, तो एकटाच बघत होता. पडद्यावर कोणीतरी छतावरून पडले आणि तो पुटपुटला, "लागलं असेल त्याला."

त्या भगिनींना आता आमचे उत्तर असे: होय बहिणी, कार्टूनचा परिणाम होतो. तुमच्या सासूबाई अगदी चुकीच्या नाहीत. पण सगळा दोष मोबाईलचा नाही, आणि तुमच्या एकटीचा तर नाहीच. मुलाने बहिणीला लाथ मारली की तिचा पाय त्याच्या हातात द्या, कुठे लागले ते दाखवा, फुंकर घालायला लावा. आणि आज संध्याकाळी सासूबाईंनाच सांगा, "अम्मी, थोडा वेळ याच्याजवळ बसता का?" पुढच्या पालकसभेत काय झाले ते आम्हाला जरूर सांगा. त्या वेळी घंटा झाली तरी आम्ही थांबू, इन्शाअल्लाह.